स्क्रीन दोन सेकंद जाते

५ जानेवारी, सकाळी ९.४०

नव्या वर्षाचे पहिले चार दिवस लोक संकल्प करण्यात घालवतात. मी ते जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवण्यात घालवले. आजपासून काम सुरू. शाळेतल्या आमच्या बॅचला पन्नास वर्षं होताहेत, त्याची स्मरणिका मी संपादित करणार आहे. मला कोणी सांगितलेलं नाही. अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. कॉन्व्हेंटमधून इतक्या जणी बाहेर पडल्या, पण शुद्ध लिहिणारी मी एकटीच होते, आणि पन्नास वर्षांत बाकीच्यांनी काही सुधारणा केल्याचं त्यांच्या मेसेजवरून दिसत नाही.

टेबल हॉलमध्ये, खिडकीपाशी. खुर्ची माझी ऑफिसच्या निरोपसमारंभातली. उंच पाठ, पाच चाकं, खाली गॅसची नळी, दांडी ओढली की वर-खाली होते. चौतीस वर्षं काम केलं, त्यातली अठरा सुपरिंटेंडेंट म्हणून. खुर्चीसाठी स्टाफने वर्गणी काढली, ती म्हणे पाऊण तासात जमली. त्या ऑफिसात कुठल्याच निरोपाला इतक्या झटपट जमली नव्हती. माणसं बोलून दाखवत नाहीत, पण प्रेम असतं.

या खुर्चीत फक्त मी बसते.

दुपारी १२.०५. स्क्रीन एकाएकी काळी झाली. दोन सेकंदांत परत आली. नवी वस्तू आहे, रुळेल.

६ जानेवारी

रुळली नाही. चार वेळा गेली. 

८ जानेवारी, संध्याकाळ

शाळेत सायन्सच्या सिस्टर म्हणायच्या: ऑब्झर्व्ह, रेकॉर्ड, कन्क्लूड. बाकीच्या मुली तेव्हा वहीत फुलं काढत बसायच्या. आज एक स्वतंत्र वही सुरू केली. आजच्या नोंदी:

१०.१० धाकटीने मशीन सुरू केलं. हळू चालव म्हणून सांगायला उठले. वळून बघते तो स्क्रीन काळी.
११.३२ पुन्हा मशीन. पुन्हा सांगायला उठले. पुन्हा काळी.
३.२० मशीन. उठले. काळी.
४.४५ धाकटीचं गिऱ्हाईक. दार तिनेच उघडलं, पण कोण आलंय ते बघायला मी उठले. काळी. मशीन चालूच होतं. गिऱ्हाईक आलं तरी पेडलवरचा पाय काढत नाही. म्हणजे काढला असेल, पण मोटर गरम होतीच.

कन्क्लूड: शिलाई मशीन.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, पाच वर्षांनी लहान. तिचा नवरा गेला तेव्हा मी तिला इथे ठेवून घेतलं, त्याला बारा वर्षं झाली. स्वयंपाक, बाजार, धुणं, झाडलोट ती बघते आणि उरलेल्या वेळात लोकांचे कपडे शिवते. घर मी बघते. लहानपणी बाबांना एकीचीच फी झेपणार होती. त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि तिला नगरपालिकेच्या शाळेत. माणसाला अक्कल ओळखता आली पाहिजे, बाबांना ती येत होती.

९ जानेवारी

शास्त्रीय निष्कर्ष धाकटीला समजेल अशा भाषेत सांगितला. मोटरच्या लाइटमुळे माझी स्क्रीन जाते. तिने सुईत दोरा ओवता ओवता ऐकून घेतलं. मग म्हणाली की मशीन बारा वर्षं याच हॉलमध्ये आहे, जुन्या कॉम्प्युटरला कधी काही झालं नाही. मी म्हटलं, जुना होता म्हणून. उंची वस्तू नाजूक असते. हे तिला पटलेलं दिसलं, कारण पुढे काही बोलली नाही.

१२ जानेवारी

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. कानामागे पेचकस खोचून हिंडतो, त्यामुळे माझ्या लेखी त्याचं नावच पेचकस. पन्नाशीचा, टक्कल, घाई नावाची चीज नाही. खुर्चीत बसू का, असं त्याने विचारलं. नाही म्हटलं, किचनमधलं स्टूल दिलं. दीड तास स्टुलावर बसून होता. केबल काढून घातली, काहीतरी अपडेट केलं, व्हिडिओ लावून ठेवला. दीड तासात स्क्रीन एकदाही गेली नाही. यंत्रांनाही माणूस बघून साळसूदपणा करता येतो. ऑफिसात असे दोघे होते.

आता ठीक आहे म्हणाला आणि निघाला. त्याला जिन्यापर्यंत सोडायला नव्हे, तर दाराचं हँडल-बिंडल पुसून घ्यायला उठले, आणि गेली स्क्रीन. हाक मारली तर तो खाली पोचला होता. मुद्दाम भरभर उतरला.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, तुझं कॉम्प्युटरचं ज्ञान तुझ्यापाशीच ठेव. तिने ठेवलं.

१५ जानेवारी

मशीन हॉलमधून स्वयंपाकघरात हलवलं. म्हणजे धाकटीने हलवलं, मी दिशा सांगितली. ओट्याच्या आणि फ्रिजच्या मधे बरोबर मावतं. फ्रिजचं दार पूर्ण उघडत नाही, पण पूर्ण उघडायची गरज कुणाला असते?

आता आवाज नीट येत नाही, म्हणून मशीन चालू आहे की बंद हे बघायला दर थोड्या वेळाने उठावं लागतं. नोंदी: नऊ वेळा उठले, नऊ वेळा काळी.

नऊ. पूर्वी दिवसाला चार-पाच असायच्या. म्हणजे भिंत मधे आली की परिणाम वाढतो. हे मला आधी माहीत नव्हतं. बहुतेक अजून कुणालाच माहीत नसावं.

१९ जानेवारी

मशीन बाल्कनीत. दुपारी ऊन येतं. धाकटीने कपडे वाळत घालायच्या दोरीवर चादर टाकून आडोसा केला. बाहेरून फार गबाळं दिसतं. संकल्प: हे चालू द्यायचं नाही.

स्मरणिकेचं पहिलं पान झालं. संपादकीय. अजून फक्त माझाच मजकूर आहे, त्यामुळे दर्जा चांगला आहे.

२१ जानेवारी

धाकटीचा चेहरा उन्हाने रापला आहे. बरं दिसत नाही, गिऱ्हाइकांना वाटेल मी तिला राबवते. म्हणून वेळापत्रक करून दिलं: मशीन फक्त दुपारी एक ते तीन, म्हणजे माझ्या झोपेच्या वेळात. टाइप करून, प्रिंट काढून मशीनवरच चिकटवलं. दोन तासांत काय होणार, शाळेचे गणवेश द्यायचेत, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मन लावलं तर दोन तासांत माणूस काय वाटेल ते करतो. मी स्वतः त्या दोन तासांत झोपते, आणि मनापासून झोपते.

२५ जानेवारी

चार दिवसांच्या नोंदी एकत्र केल्या. एक ते तीन: शून्य. इतर वेळी: बावीस.

साध्या डोक्याचा माणूस म्हणेल, म्हणजे मशीनचा संबंध नाही. ऑफिसात असलेच निष्कर्ष वर यायचे आणि मी ते लाल शाईने खाली पाठवायचे. एक ते तीनमध्ये मोटर जी काही घाण लाइनमध्ये सोडते, ती भिंतीतल्या वायरमध्ये साचून राहते आणि मग दिवसभर थोडी थोडी बाहेर पडते. तापलेली गच्ची रात्रीही गरम असते, तसं. मशीन बंद असतानाही स्क्रीन जाते हाच खरा पुरावा.

धाकटीला हे समजावून सांगितलं. ती हसली. बारा वर्षांत ती अशी हसल्याचं आठवत नाही. नोंद केली नाही.

३० जानेवारी

पेचकस दुसऱ्यांदा. या वेळी स्वतःचा मॉनिटर घेऊन आला, तो जोडला, माझा बाजूला ठेवला. स्टुलावर तासभर. काही नाही. तो निघाला तेव्हा मी टेबलापाशीच बसून त्याला नीट समज दिली, आणि त्याच्या पाठोपाठ दार लावायला उठले. त्याच्याच मॉनिटरची स्क्रीन गेली. या वेळी तो चपला घालत होता, त्याला बोलावून आणलं. आत येईपर्यंत दोन सेकंद होऊन गेले होते. मॅडम, तुम्ही काय करत होतात, असं विचारतो. मी म्हटलं, मी काहीच करत नाही, करतात ते इतर.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

३ फेब्रुवारी, सकाळी ११

निर्णय. मशीन घराबाहेर.

तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये ठेवावं, असं मी सुचवलं. खिडकी नाही, पण शिवताना माणूस खिडकीबाहेर बघत नाही, निदान बघू नये. दिवा आहे. धाकटी तेव्हा एका फ्रॉकची बाही उसवत होती. तिने बाही संपवली, दोऱ्याचे तुकडे तळहातावर गोळा केले, डब्यात टाकले.

“ताई, मशीन जाईल तिथे मी जाईन.”

मी म्हटलं, जा की. स्टोअररूममध्ये दोघींपुरती जागा आहे, तुला आणि मशीनला.

४ फेब्रुवारी

ती गंमत करत नव्हती. बुटीकवाली म्हणून एक बाई आहे, तिच्या दुकानात धाकटीचं काम जातं. दुकानावर एक खोली रिकामी आहे. धाकटीने काल संध्याकाळी तिला फोन केला आणि तीन मिनिटांत ठरवलं. गुरुवारी, नऊ तारखेला टेम्पो येणार. ज्या बाईला भाजी कुठली आणायची हे ठरवायला मला विचारावं लागायचं, तिने तीन मिनिटांत घर बदललं. याला उतावीळपणा म्हणतात.

आठ दिवसांत परत येईल. मी सात धरते.

५ फेब्रुवारी

धाकटी सामान बांधते आहे. सामान म्हणजे दोन बॅगा, बटणांच्या बरण्या, कात्र्या, एक उशी. बारा वर्षांत इतकंच जमवलं. काटकसर मी शिकवली.

७ फेब्रुवारी, दुपारी ४.३०

पेचकस तिसऱ्यांदा. मीच बोलावलं. मशीन जायच्या आधी त्याच्या तोंडून निकाल ऐकायचा होता, म्हणजे धाकटीला साक्षीदारासमोर ऐकवता आला असता.

या वेळी तो स्टुलावर बसला नाही. दाराशी, भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम, मी इथे नाही असं समजा, तुम्ही रोज करता ते करा. मी बसले. टाइप केलं. काही नाही. मग बाल्कनीत मशीन वाजलं. वेळापत्रकाप्रमाणे नाहीच, साडेतीन वाजले होते. मी उठले.

स्क्रीन काळी.

तो म्हणाला, बसा. बसले. म्हणाला, उठा. उठले. काळी. बसा. उठा. काळी. या वयात मला कुणी असं उठाबशा काढायला लावेल असं वाटलं नव्हतं. शाळेतसुद्धा कुणी लावल्या नाहीत. अकरा वेळा. त्यातल्या शेवटच्या चार तर त्याने केवळ हौसेखातर करून घेतल्या.

खुर्ची, म्हणतो. नळीतल्या गॅसवर दांडा वर-खाली होतो. सध्या हवा कोरडी. तुम्ही उठलात की खुर्चीत स्थिर वीज तयार होते आणि एक ठिणगी पडते, डोळ्यांना न दिसणारी. मॉनिटरची केबल ती पकडते. स्क्रीन दोन सेकंद बावचळते. केबल चांगली, जाड घाला, किंवा खुर्ची बदला. मग काखेत कळसा की काय ते पुटपुटला. म्हणी मलाही येतात. त्या कुठे वापरू नयेत हेही येतं.

मी त्याला हळू बोला म्हटलं. बाल्कनीचं दार उघडं होतं. केबल उद्या आणून घालतो म्हणाला, मी नको म्हटलं. उद्या तो आला की धाकटी विचारणार, कशाला आला, आणि असल्या माणसांच्या तोंडात तीळ भिजत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला घालवला.

संध्याकाळी ६. धाकटीला अर्थात सांगणार आहे. मी अन्याय करणारी बाई नाही. योग्य वेळी, योग्य शब्दांत. उद्या.

८ फेब्रुवारी

सांगितलं नाही. सकाळी ती बॉबिनं मोजत होती, मोजणाऱ्या माणसाला मधे हटकू नये. दुपारी ती झोपली होती. दुपारी ती कधी झोपत नाही, म्हणजे दमली असेल, म्हणजे उठवणं क्रूर ठरलं असतं. संध्याकाळी ती माझ्यासाठी फ्रिजवर कागद चिकटवत होती: गॅसवाल्याचा नंबर, दूध किती, माझ्या ब्लडप्रेशरची गोळी कुठल्या डब्यात. अक्षर अजून नगरपालिकेचंच.

शिवाय शांतपणे विचार केला. मशीन दोषी नाही असं सांगितलं की तिला वाटणार, ती बरोबर आणि मी चूक. एकदा असं वाटायला लागलं की माणूस बिघडतो. तिच्या हिताचा विचार करायला या घरात मीच आहे.

नाहीतर उद्या सकाळी, टेम्पो यायच्या आधी सांगेन. साडेनऊला.

९ फेब्रुवारी, सकाळी ११.१५

टेम्पो नऊलाच आला.

दोन हमालांनी मशीन उचललं. मी टेबलापाशी बसून होते, स्मरणिका उघडून. धाकटी बॅग घेऊन हॉलमध्ये आली, थांबली. “येते, ताई,” म्हणाली. जवळ आली असती तर बरं झालं असतं, पण ती दारातच उभी राहिली.

मी उठले नाही. उठले असते तर तिच्या डोळ्यांदेखत स्क्रीन गेली असती.

मी मान हलवली आणि टाइप करत राहिले. काय टाइप केलं ते नंतर वाचलं. एक ओळभर नुसतं ‘क’ हे अक्षर होतं.

११ फेब्रुवारी

घर शांत. कामाला उत्तम. ब्रेड, अंडं. रोज भात लागतो ही एक सवय आहे, सवयी मोडता येतात.

१३ फेब्रुवारी

गॅस संपला. गॅसवाल्याला फोन केला. फोनवर त्याने पहिल्यांदा विचारलं, त्या धाकट्या बाई नाहीत का? नाहीत म्हटलं. मग तो आज नको, उद्या येतो म्हणाला. तिच्यासाठी तासाभरात यायचा. लोकांना साध्या माणसांची भीड वाटते, कर्तबगार माणसांची वाटत नाही.

१६ फेब्रुवारी

सात दिवस झाले. आली नाही. मी मनात आठच धरले होते.

१७ फेब्रुवारी

आठ.

आमच्या वर्गाच्या हेडगर्लचा मेसेज. स्मरणिका तयार आहे, कुणाच्या तरी सुनेने मोबाइलवरच केली, छापायलासुद्धा गेली. सोबत नमुना. मुखपृष्ठावर दोन चुका. मी त्या लाल करून पाठवल्या. उत्तर म्हणून अंगठा आला.

२० फेब्रुवारी

ठरलं. मोठेपणा मोठ्या माणसाने दाखवायचा असतो. उद्या स्वतः जाऊन धाकटीला परत घेऊन येणार. खुर्चीचं सांगून टाकणार, पण असं सांगणार की शोध मी लावला. तो मीच लावला. नोंदी नसत्या तर पेचकस आला नसता. मशीन हॉलमध्ये ठेवायला परवानगी. वेळ दहा ते बारा आणि तीन ते पाच. याहून उदार कुणी असेल तर दाखवा.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

बुटीकचं दुकान रस्त्याला लागूनच आहे. वरच्या खोलीत तीन मशीनं. एकावर धाकटी, दुसऱ्या दोहोंवर दोन बायका, आणि धाकटी त्यांना कॉलर कशी उलटायची ते शिकवत होती. मोठ्याने बोलत होती. तिचा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं. खिडकी मोठी. आत सगळीकडे कापडाचा वास. मला बसायला तिने एक स्टूल दिलं.

मी तयार केलेलं सगळं म्हटलं. शोध, नोंदी, गॅसची नळी, कोरडी हवा, परवानगी. ती कात्रीने धागे तोडत ऐकत होती.

“खुर्ची ना?” ती म्हणाली. “मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं, ताई. तू उठलीस की जायची.”

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. आवाज मी वाढवला नव्हता, तरी त्या दोन बायकांची मशीनं थांबली.

“बोलले असते तर राहावं लागलं असतं.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. रागाला उत्तर देण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. तिने ते, आज हवा बरी आहे, असं म्हणावं तसं म्हटलं, आणि विचारलं, चहा घेतेस ना. चहा खालून आला. साखर कमी होती, मला लागते तेवढीच. प्यायले आणि आले.

२२ फेब्रुवारी

कृतघ्न. बारा वर्षं छप्पर दिलं. आणि ती एक गोष्ट जाणून चार आठवडे गप्प बसली. उन्हात बसली, फ्रिजशेजारी बसली, वेळापत्रकाचा कागद तोंडासमोर चिकटवून बसली आणि गप्प बसली. दोन दिवस गप्प बसणं निराळं. मी फक्त दोन दिवस गप्प होते.

पेचकसला फोन केला, केबल घालायला या म्हणून. पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाला. सध्या घाई आहे त्याला.

२४ फेब्रुवारी

संकल्प: नव्याने काही लिहायला घ्यायचं. विषय ठरवायचा आहे.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

आज सकाळपासून टेबलापाशी. स्क्रीन दिवसभर एकदाही गेली नाही.

उठावं असं काही झालंच नाही.